घराच्या रिनोव्हेशनसाठी भरवशाचा कॉन्ट्रॅक्टर कसा निवडायचा? आधी फोनवर एवढं तपासा

नवीन फोन घ्यायचा म्हटलं की आपण दहा रिव्ह्यू वाचतो, पाच व्हिडिओ बघतो, तीन साइटवर किंमत ताडून बघतो. तोच माणूस पाच-सहा लाखांचं घराचं काम देताना मात्र "मेव्हण्याच्या ओळखीतला आहे" एवढ्यावर मोकळा होतो. फोन पसंत नाही पडला तर परत करता येतो. फोडलेलं बाथरूम परत करता येत नाही.

या वर्षी आमच्या आई-बाबांच्या पुण्यातल्या जुन्या फ्लॅटचं काम काढायचं ठरलं. इमारत पंचवीस-तीस वर्षांची, बाथरूममधून खालच्या काकांकडे गळती आणि वायरिंगला अर्थिंगच नाही. आईचे गुडघे दुखतात म्हणून टॉयलेट बदलायचं होतं. पैसे बाबांच्या ग्रॅच्युइटीचे, म्हणजे एकदाच खर्च करता येणारे. माणूस शोधायची जबाबदारी माझ्याकडे आली. मी सॉफ्टवेअरवाला, सिमेंटमधलं मला फारसं कळत नाही. पण माहिती कशी पडताळायची हे रोजच्या कामामुळे कळतं. तीच पद्धत इथे पायरीपायरीने सांगतो.

१. स्टार मोजू नका, रिव्ह्यू वाचा

गूगल मॅप्सवर एकाला १२ रिव्ह्यूंमध्ये ४.९ स्टार आणि दुसऱ्याला १८० रिव्ह्यूंमध्ये ४.४ स्टार असतील, तर माझा कल दुसऱ्याकडे असतो. १२ रिव्ह्यू घरचे आणि मित्रमंडळी मिळूनही होतात. १८० लोकांची सोय करणं तेवढं सोपं नाही.

रिव्ह्यू वाचताना तीन गोष्टी करा. एक, क्रम बदलून 'सर्वात कमी रेटिंग' आधी बघा आणि त्याखाली मालकाने काय उत्तर दिलंय ते वाचा. शिवीगाळ, धमकी की "उद्या माणूस पाठवतो"? स्वभाव तिथे कळतो. दोन, तारखा बघा. वर्षभर शुकशुकाट आणि एकाच आठवड्यात वीस पाच-स्टार आले असतील तर शंका घ्या. तीन, रिव्ह्यू लिहिणाऱ्याच्या नावावर क्लिक करा. त्याने एकाच दिवशी नागपूरचा दातांचा डॉक्टर, सुरतचं साडीचं दुकान आणि पुण्याचा कॉन्ट्रॅक्टर यांना पाच स्टार दिले असतील, तर समजून जा.

ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करायचे आणि कसे दाखवायचे यासाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली आयएस १९००० नावाचं मानक काढलं आहे. पण ते ऐच्छिक आहे. त्यामुळे गाळणी आपली आपणच लावायची.

आणखी एक गोष्ट. बरेचसे रिव्ह्यू काम संपलं त्या दिवशी लिहिलेले असतात. त्या दिवशी सगळंच चकाचक दिसतं. पाइपाचा सांधा कसा बसवलाय हे त्या दिवशी कोणालाच माहीत नसतं.

२. फोटो खरे आहेत का?

प्रत्येक कॉन्ट्रॅक्टर व्हॉट्सअ‍ॅपवर "आमची कामं" म्हणून फोटो पाठवतो. त्यातले चार-पाच गूगल लेन्समध्ये टाकून बघा. मला एकाने पाठवलेलं किचन लेन्सने थेट परदेशी डिझाइनच्या वेबसाइटवर दाखवलं. त्या ओट्यावरचा प्लग पॉइंटसुद्धा आपल्याकडचा नव्हता! मी त्याला काही बोललो नाही, फक्त यादीतून नाव काढलं.

खऱ्या कामाचे फोटो ओळखायला सोपे असतात. कुठेतरी सिमेंटचं पोतं दिसतं, रंगाचा डबा दिसतो, कोपऱ्यात मिस्त्रीचा डबा दिसतो. "याच घराचे काम चालू असतानाचे फोटो आहेत का?" एवढंच विचारा. ज्याने काम केलंय त्याच्या गॅलरीत ते असतातच.

३. जीएसटी नंबर वाचायला शिका

जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो आणि तो बराच बोलका असतो. पहिले दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राचा कोड २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. पॅनमधलं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी नंबरमधलं सहावं, तो कोण आहे ते सांगतं: पी असेल तर व्यक्ती, एफ असेल तर भागीदारी फर्म, सी असेल तर कंपनी. व्हिजिटिंग कार्डवर 'प्रायव्हेट लिमिटेड' आणि नंबरात पी असेल, तर काहीतरी गडबड आहे. शेवटचं अक्षर चेकसम असतं, म्हणजे आधीच्या चौदा अक्षरांवर गणित करून काढलेलं. त्यामुळे मनाने ठोकून दिलेला नंबर बहुतेक वेळा पोर्टलवर सापडतच नाही.

जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन न करता 'सर्च टॅक्सपेअर' मध्ये नंबर टाका. कायदेशीर नाव, दुकानाचं नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे सगळं दिसतं. "वीस वर्षांचा अनुभव" सांगणाऱ्याची नोंदणी गेल्या वर्षीची असेल तर लगेच खोटारडा ठरवू नका, पण विचारा जरूर. नोंदणी 'कंपोझिशन' प्रकारची असेल तर त्याला ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

आता उलट बाजू. महाराष्ट्रात फक्त सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी सक्तीची नसते. त्यामुळे छोट्या, प्रामाणिक मिस्त्रीकडे नंबर नसणं हा दोष नाही. नंबर नसताना बिलात जीएसटी लावणं हा मात्र नक्कीच दोष आहे.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर तिची नोंद बघता येते. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये नावावरून कोर्ट केस शोधता येतात. एखादी केस असणं म्हणजे गुन्हेगार असणं नव्हे, आणि सारख्या नावाची दुसरी माणसंही असतात. पण चार ग्राहकांनी चार केस लावलेल्या दिसल्या तर चित्र स्पष्ट होतं.

४. तीन कोटेशन एकाच भाषेत आणा

बहुतेक लोक इथेच फसतात, कारण तिघेजण तीन वेगळ्या गोष्टींचा भाव सांगत असतात. सुताराचं उदाहरण घेऊ. ७ फूट उंच, ६ फूट रुंद आणि २ फूट खोल कपाट. (भाव फक्त हिशेबासाठी घेतलेत, तुमच्या गावचे वेगळे असतील.)

पहिला म्हणतो १,४०० रुपये स्क्वेअर फूट. दुसरा म्हणतो ४५० रुपये. दुसरा तिपटीने स्वस्त वाटतो ना? पण पहिला फक्त समोरचं क्षेत्र मोजतोय: ७ गुणिले ६, म्हणजे ४२ स्क्वेअर फूट. रक्कम ५८,८०० रुपये, आतल्या खणांसकट. दुसरा प्रत्येक फळी मोजतोय. पुढचे दरवाजे ४२, मागची बाजू ४२, दोन्ही कडा २८, वर-खाली २४, मधली उभी फळी १४ आणि चार खण २४. एकूण १७४ स्क्वेअर फूट. रक्कम ७८,३०० रुपये. 'स्वस्त' माणूस जवळजवळ वीस हजारांनी महाग निघाला!

म्हणून मी गूगल शीटमध्ये कामांची यादी स्वतः केली आणि तिघांनाही तीच भरायला दिली. प्रत्येक ओळीत काम, माप, मोजायची पद्धत, मालाचा ब्रँड आणि ग्रेड, भाव आणि रक्कम. शिवाय या प्रश्नांची उत्तरं लेखी घेतली:

- भाव फक्त मजुरीचा आहे की मालासकट?
- जीएसटी धरून की वेगळा? १८ टक्क्यांनी ५ लाखांवर ९०,००० रुपये होतात, ही किरकोळ रक्कम नाही.
- राडारोडा कोण उचलणार आणि कुठे टाकणार?
- प्लायवूड कुठलं? आयएस ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराचं, आयएस ७१० म्हणजे मरीन. सिंकखालच्या कपाटाला दुसरं हवं.
- वायर कुठल्या जाडीची? साधारणपणे दिव्यांना १.५, पॉवर सॉकेटला २.५ आणि गीझर-एसीला ४ स्क्वेअर मिलिमीटर वापरतात.

माल साइटवर आला की आयएसआय चिन्हाजवळचा सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून बघा. परवाना कोणत्या कंपनीचा आहे आणि चालू आहे का, ते तिथे दिसतं. अर्धा मिनिट लागतो. आणि आपण तपासतो हे एकदा साइटवर कळलं की पुढचा मालही नीट येतो, हा माझा अनुभव.

यादी दिल्याचा आणखी एक फायदा झाला. तिघांपैकी एकाने "एवढं कोण भरत बसणार, विश्वास ठेवा ना" म्हणून सांगितलं. दुसऱ्याने सगळं भरलं. तिसऱ्याने भरलं आणि वर फोन करून विचारलं, "दादा, यात टॉयलेटच्या खालच्या लाइनचं काम धरलेलं नाही, ते नंतर निघेल. आत्ताच लिहू का?" कोटेशन वाढवून देणारा हा फोन मला सगळ्यात स्वस्त वाटला.

५. जुनं काम बघा, नवं नाही

कॉन्ट्रॅक्टर नेहमी ताजं काम दाखवायला नेतो. तुम्ही मागा निदान एक पावसाळा काढलेलं काम, शक्य असेल तर दोन वर्षांपूर्वीचं. तिथे बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीचा खालचा भाग बघा: रंगाला फुगे, पांढरी खार, ओलीचा डाग? कपाटांचे दरवाजे सरळ बंद होतात का? फरशीवर नाण्याने टकटक करा. पोकळ आवाज आला तर खाली मसाला नीट बसलेला नाही.

मग घरमालकाला एकटं गाठून एकच प्रश्न विचारा: "काम झाल्यावर काही बिघडलं तेव्हा तो किती दिवसांत आला?" आमच्या क्षेत्रात सिस्टिम कधीच बंद पडणार नाही असं कोणी शहाणा माणूस म्हणत नाही. बंद पडल्यावर कोण उठतं आणि किती वेळात उठतं, यावर टीमची किंमत ठरते. घराच्या कामात भरवसा म्हणजे नेमकं हेच. ज्या मिस्त्रीला आम्ही शेवटी काम दिलं, त्याच्या जुन्या ग्राहक काकू म्हणाल्या, "नळ गळत होता. गणपतीत आला, प्रसाद खाल्ला, वॉशर बदललं आणि पैसे घेतले नाहीत." त्याची वेबसाइट नाही, इन्स्टाग्राम नाही. पण हा रिव्ह्यू कुठल्याच अ‍ॅपवर मिळाला नसता.

एक चालू साइटही बघा, न सांगता. किती माणसं आहेत, सिमेंट जमिनीला टेकवून ठेवलंय की फळीवर, मुकादम जागेवर असतो का? आणि सध्या किती कामं चालू आहेत ते विचारा. एकटा माणूस सात साइट सांभाळत असेल तर तुमची आठवी असणार.

६. "परवानगी कशाला, रविवारी उरकून टाकू"

हे वाक्य ऐकलं की नमस्कार करा आणि बाहेर पडा. सोसायटीत काम सुरू करण्याआधी लेखी परवानगी घ्यायची असते. कॉलम, बीम, स्लॅब यांना हात लावायचा तर महापालिका आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरशिवाय पर्याय नाही. नव्या टॉवरमध्ये तर जास्त सांभाळा. अ‍ॅल्युमिनियम फॉर्मवर्कने, म्हणजे लोक ज्याला 'मायवान' म्हणतात त्या पद्धतीने बांधलेल्या इमारतीत घराच्या बहुतेक भिंतीच काँक्रीटच्या आणि भार पेलणाऱ्या असतात. तिथे "किचनची भिंत काढून टाकू" म्हणणारा माणूस तुमच्या एकट्याचं घर धोक्यात घालत नाही, वरच्या सगळ्या मजल्यांचं घालतो.

शिवाय रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताब्यापासून ५ वर्षांपर्यंत बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर असते. तुम्हीच भिंत फोडलीत तर बिल्डरला हात झटकायला आयतं कारण मिळतं.

वायरिंगचं काम परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्या आणि परवान्याची प्रत मागा. बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आणि प्रत्येक सॉकेटपर्यंत अर्थिंगची वायर हवीच. "अर्थिंगची गरज नाही" म्हणणाऱ्या वायरमनला घरात घेऊ नका. तो जिवाचा प्रश्न आहे.

७. पैसे कामाच्या मागे चालले पाहिजेत

साधं सूत्र: दिलेले पैसे वजा झालेलं काम म्हणजे तुमची जोखीम. ही जोखीम शून्याच्या आसपास ठेवा. अर्धे पैसे आगाऊ मागणारा माणूस बरेचदा आधीच्या ग्राहकाचं काम तुमच्या पैशांतून पूर्ण करत असतो आणि तुमचं काम पुढच्याच्या पैशांतून होणार असतं.

आम्ही असे टप्पे लिहून घेतले:

- सुरुवातीला १० टक्के
- तोडफोड, पाइप आणि वायरचं आतलं काम झाल्यावर २०
- वॉटरप्रूफिंगची चाचणी पास आणि फरशी झाल्यावर २०
- सुतारकामाचे सांगाडे उभे राहिल्यावर २५
- रंग आणि फिटिंग झाल्यावर १५
- सगळं झाल्यावर ३० दिवसांनी उरलेले १०

वॉटरप्रूफिंगची चाचणी म्हणजे फरशी बसवण्याआधी बाथरूममध्ये पाणी तुंबवून २४ ते ४८ तास ठेवायचं आणि खालच्या घराचं छत बघायचं. आमच्याकडे खालच्या काकांनी स्वतः टॉर्च मारून छत तपासलं आणि "कोरडं आहे" असा व्हॉइस मेसेज पाठवला. त्यानंतरच हप्ता दिला.

पैसे यूपीआय किंवा बँकेतून द्या आणि नोंदीत टप्प्याचं नाव लिहा. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारासाठी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारता येत नाही. "बिल नको, १८ टक्के वाचतील" या वाक्यालाही भुलू नका. बिल नाही तर काम त्याने केलं याचाच पुरावा नाही.

८. बदल झाला की मेसेज

काम चालू असताना "जरा हा प्लग तिकडे घ्या" होतंच. प्रत्येक बदलाचा एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज: काय बदललं, किती पैसे वाढले, किती दिवस वाढले. समोरून 'ओके' आल्याशिवाय काम नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद ठरलेल्या प्रमाणपत्रासह पुरावा म्हणून देता येते. त्यामुळे चॅट डिलीट करू नका आणि मूळ फोन जपा.

भिंती आणि फरशी बंद होण्याआधी टेप लावून प्रत्येक भिंतीचे फोटो काढा. पाइप आणि वायर कुठून गेलीय ते दिसलं पाहिजे. पुढे आरसा टांगायला ड्रिल मारताना हेच फोटो घर वाचवतील.

एवढं करूनही बिनसलं तर? कॉन्ट्रॅक्टरची सेवा ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये येते. आधी लेखी नोटीस द्या, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करा. तरी नाहीच जमलं तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा आयोगात तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत साधारण २ वर्षांची. करार, बिल, यूपीआयच्या नोंदी आणि चॅट हाताशी असतील तर हे सगळं सोपं जातं.

पहिल्याच फोनवर विचारायचे पाच प्रश्न

१. सध्या किती साइट चालू आहेत आणि माझ्या साइटवर रोज कोण असेल?
२. दोन वर्षांपूर्वीचं एक काम दाखवाल का?
३. माझी यादी भरून भाव द्याल का?
४. शेवटचे १० टक्के महिन्याने चालतील का?
५. काम झाल्यावर गळती निघाली तर किती दिवसांत याल, आणि ते लिहून द्याल का?

शेवटच्या दोन प्रश्नांवर समोरचा किती वेळ गप्प बसतो, तेही ऐका. चांगल्या माणसाला हे प्रश्न खटकत नाहीत, कारण त्यालाही वेळेवर पैसे देणारा आणि रोज मन न बदलणारा ग्राहक हवा असतो. तेवढं आपल्याकडून पाळा. टप्पा झाला की त्याच दिवशी हप्ता द्या, आणि कारागिरांना चहा-पाणी विचारायला विसरू नका.

घरात काम काढणारं कोणी ओळखीचं असेल तर विसार देण्याआधी हा लेख त्यांना पाठवा. नंतर पाठवून फारसा उपयोग नाही!